विटांच्या आधीचं बांधकाम

२०१६च्या जुलै महिन्यात आम्ही आत्याला मुंबईच्या एका रुग्णालयात स्मरणशक्तीच्या तपासणीसाठी नेलं. टेबलापलीकडच्या तरुण डॉक्टर छापील कागदावरून एकेक प्रश्न विचारत होत्या आणि उत्तरापुढे खूण करत होत्या. आज तारीख काय? आत्याला सांगता आली नाही. महिना कोणता? ‘आगोट होऊन गेली, आता लावणीचे दिवस,’ ती म्हणाली. जिल्हा कोणता? ‘ठाणा.’ आपण कितव्या मजल्यावर आहोत? ती माझ्याकडे पाहत राहिली. लिफ्ट नावाच्या पेटीत शिरून ती बाहेर आली होती. मधे किती मजले गेले हे तिनं कुठून पाहावं? मग शंभरातून सात, त्यातून पुन्हा सात, असं वजा करत जायला सांगितलं. विड्याची पानं कवळीनं आणि केळी डझनानं मोजण्यात जिचा जन्म गेला, ती या हिशोबाला हसली.

तीसपैकी बारा गुण मिळाले. निदान झालं: स्मृतिभ्रंश, म्हणजेच डिमेन्शिया.

निदान चुकलं नव्हतं, हे आधीच सांगतो. पुढच्या दोन वर्षांत आत्या आम्हाला ओळखेनाशी झाली. पण त्या बारा आकड्यानं मला बरेच दिवस सोडलं नाही. गेलेल्या अठरा गुणांतले आजारानं किती नेले आणि वसईनं किती? तिचं उभं आयुष्य ठाणे जिल्ह्यात गेलं. पालघर जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी, म्हणजे तपासणीच्या दोन वर्षं आधी. तिच्या गावाची ग्रामपंचायत जाऊन २००९ साली महापालिका आली. जिच्या पायाखालचं गाव, जिल्हा आणि रस्ता दर काही वर्षांनी बदलला, तिची स्मृती ढळली की भोवतालच ढळला, हे ठरवणारी मोजपट्टी आपल्याकडे आहे का?

मी शिक्षक होतो, डॉक्टर नाही. पण या प्रश्नामागे लागून गेली काही वर्षं जे वाचलं, विचारलं, त्यातून एक मत बनत गेलं. मेंदूविकार आणि स्मृतिभ्रंश यांवर संशोधन करणारं विद्यापीठाचं केंद्र वसई-विरारमध्ये असायला हवं. असं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘जागा कुठं मिळणार?’ आणि दुसरा, ‘एमआरआयचं मशीन कोण देणार?’ हे दोन्ही प्रश्न खरे आहेत, पण ते नंतरचे. अशा केंद्राचं अवघड बांधकाम विटांच्या आधीच व्हावं लागतं. ते कसं, हे सांगण्यासाठी हा लेख.

मोजणीचा घोळ

स्मृतिभ्रंश हा एकच एक रोग नाही. स्मृती, भाषा, दिशेचं भान, निर्णयशक्ती हे सगळं इतकं खालावतं की माणसाला रोजचं जगणं एकट्यानं पेलत नाही, त्या अवस्थेचं हे नाव आहे. अल्झायमर हे त्याचं सर्वांत मोठं कारण. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचे आजार हे दुसरं. शिवाय लेवी बॉडीचा आजार आणि मेंदूच्या पुढच्या व कानशिलाकडच्या भागांची झीज अशी इतरही कारणं आहेत. वयोमानानुसार होणारा विसराळूपणा निराळा. चष्मा कुठं ठेवला हे विसरणं वेगळं आणि चष्मा कशासाठी असतो हे विसरणं वेगळं.

भारतात असे किती लोक आहेत? २००१ साली मुंबईतल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात पासष्टीपुढच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण अडीच टक्क्यांच्या आत आलं होतं. हरियाणातल्या बल्लभगढ भागातल्या खेड्यांत १९९०च्या दशकात झालेल्या पाहणीत पासष्टीपुढच्यांत अल्झायमरचं प्रमाण जेमतेम एक टक्का निघालं. ते जगातल्या सर्वांत कमी आकड्यांपैकी एक ठरलं आणि भारतीय आहारात, हळदीत काय जादू आहे याची चर्चाही झाली. त्यानंतर ‘लासी-डॅड’ या देशव्यापी अभ्यासात महाराष्ट्रासह अठरा राज्यं व केंद्रशासित प्रदेशांतल्या चार हजारांहून अधिक ज्येष्ठांची सविस्तर तपासणी झाली. २०२३ साली त्यावरून काढलेला अंदाज आला: साठीपुढच्यांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीय. स्त्रियांत, ग्रामीण भागात आणि ज्यांना शाळा मिळाली नाही त्यांच्यात प्रमाण जास्त.

दोन दशकांत आजार तिपटीनं वाढला, असा याचा अर्थ लावता येत नाही. या अभ्यासांच्या व्याख्या वेगळ्या, चाचण्या वेगळ्या, वयोगटही वेगळे. त्यात आपल्या घरांची रीत मिसळते. निदानासाठी नुसतं विसरणं पुरत नाही, रोजचे व्यवहार अडले पाहिजेत. पण आपल्याकडे सत्तरीच्या आजीकडे व्यवहार असतातच किती? सून स्वयंपाक करते, मुलगा बँकेत जातो, नातू औषध आणतो. अडण्यासारखं काही उरलेलंच नसलं, तर अडलेलं दिसणार कसं? आमची आत्या वाडीतून रोज फुलं खुडून दादरच्या बाजाराला देत होती, म्हणून पुडीचे पैसे चुकायला लागले तेव्हा आम्हाला कळलं. नुसती घरात बसून असती तर आणखी तीन वर्षं कळलं नसतं.

बल्लभगढच्या संशोधकांना ही अडचण दिसली होती. जगभर वापरली जाणारी मूळ चाचणी १९७५ सालची, अमेरिकेत बनलेली. तिच्यात वाचता-लिहिता येणं गृहीत आहे. त्यांनी ती हिंदीत नुसती उतरवली नाही, तर गावासाठी नव्यानं घडवली. मजल्याऐवजी गावाचं पोस्ट कुठलं ते विचारलं. शंभरातून साताऐवजी विसातून तीन वजा करायला सांगितले. वाक्य लिहून दाखवा म्हणण्याऐवजी आपल्या घराविषयी काहीतरी सांगा म्हटलं. रोजच्या कामांची निराळी प्रश्नावली केली आणि ती घरच्यांना विचारली. हे काम १९९५च्या सुमारास झालं. त्याच्या वीस वर्षांनंतर आमच्या आत्याला मजला विचारला गेला.

आपल्या बोलीतली मोजपट्टी

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं अलीकडे बोधनक्षमतेच्या चाचण्यांचा एक संच प्रमाणित करून घेतला. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’च्या मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. सुवर्णा अल्लाडी यांचा त्यात पुढाकार होता. पहिल्या टप्प्यात त्यासाठी पाच भाषा घेतल्या गेल्या: हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम. मराठी त्यांत नव्हती. मराठीत चाचण्याच नाहीत असं नाही; काही परदेशी चाचण्यांची मराठी रूपं आहेत आणि डॉक्टर ती वापरतातही. पण भाषांतर करणं आणि प्रमाणित करणं यांत फरक आहे. प्रमाणित करायचं म्हणजे वेगवेगळ्या वयांच्या, वेगवेगळ्या शिक्षणाच्या शेकडो निरोगी माणसांना तीच चाचणी देऊन ‘इथल्या इतक्या वयाच्या, इतकं शिकलेल्या माणसाला साधारण इतके गुण पडतात’ हे ठरवायचं. हा पाया नसला तर बारा गुण म्हणजे काय, हे कुणालाच सांगता येत नाही.

त्यातही वसईची मराठी ही एकच मराठी नाही. सामवेदी ब्राह्मण आणि सामवेदी ख्रिस्ती यांची कादोडी, वाडवळांची वाडवळी, कोळ्यांची बोली, भंडाऱ्यांची बोली, पूर्वेच्या डोंगरपट्ट्यात वारली. चर्चमध्ये आणि शाळेत प्रमाण मराठी, बाजारात गुजराती आणि हिंदी, नोकरीत इंग्रजी. स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली भाषा बहुधा आधी निसटते आणि आईची बोली शेवटपर्यंत राहते. आत्याची प्रमाण मराठी तशी निसटू लागली होती. डॉक्टरांच्या प्रश्नांना ती कादोडीत उत्तरं देत होती आणि मी मधे बसून भाषांतर करत होतो. माझ्या भाषांतरानं तिला किती गुण मिळाले आणि किती गेले, देव जाणे.

पण जी अडचण तीच वसईची श्रीमंतीही असू शकते. डॉ. अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादमध्ये ६४८ रुग्णांचा अभ्यास करून २०१३ साली एक निष्कर्ष मांडला. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाची लक्षणं एकभाषिकांपेक्षा सुमारे साडेचार वर्षं उशिरा दिसली. शाळेत न गेलेल्यांतही हा फरक टिकला, म्हणजे तो केवळ शिक्षणाचा परिणाम नव्हता. जगभरच्या सगळ्याच अभ्यासांत असं आढळलं आहे असं नाही. वाद चालू आहे. तो सोडवायला असा प्रदेश हवा, जिथं भाषा पुस्तकातून नव्हे तर ओटी, बाजार आणि लोकल गाडी यांतून येतात. विरार लोकलच्या एका डब्यात जितक्या भाषा कानावर पडतात, तितक्या गोळा करायला एखाद्या युरोपीय विद्यापीठाला मोठं अनुदान मागावं लागेल.

बंगळुरूनं काय केलं

विद्यापीठाच्या पातळीवर असं केंद्र आपल्या देशात उभं राहिलं आहे आणि ते पाहण्यासारखं आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत ‘सेंटर फॉर ब्रेन रिसर्च’ची सुरुवात २०१४ साली झाली. ‘इन्फोसिस’चे एक संस्थापक क्रिस गोपालकृष्णन आणि त्यांच्या पत्नी सुधा यांच्या प्रतीक्षा ट्रस्टनं त्यासाठी २२५ कोटी रुपये दिले. केंद्राच्या वास्तूचं उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झालं ते २० जून २०२२ रोजी.

या दोन तारखांमधली आठ वर्षं मला महत्त्वाची वाटतात. वास्तू पुरी होण्यापूर्वीच केंद्राचं मुख्य काम सुरू झालं होतं, तेही बंगळुरूबाहेर, कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपुरा तालुक्यात. पंचेचाळीस आणि त्याहून अधिक वयाच्या दहा हजार ग्रामीण लोकांना नोंदवून त्यांची वर्षानुवर्षं तपासणी करत राहायची, अशी ती योजना. रक्त, रक्तदाब, आनुवंशिकी, चाचण्या, मेंदूची चित्रं, हे सगळं त्याच माणसांचं पुन्हा पुन्हा. जोडीला बंगळुरू शहरातल्या लोकांचा असाच एक अभ्यास टाटा ट्रस्टच्या साहाय्यानं.

पंचेचाळिसाव्या वर्षापासून का? अल्झायमरमध्ये मेंदूत होणारे बदल लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षं आधी सुरू होतात. आत्यासारखा माणूस डॉक्टरांसमोर येतो तोवर नाटकाचा तिसरा अंक चालू असतो. पहिला अंक पाहायचा तर निरोगी माणसाच्या दारात जावं लागतं आणि त्याला सांगावं लागतं, ‘तुम्हाला काही झालेलं नाही, पण आम्ही वीस वर्षं येत राहू.’ हा शब्द पाळण्यासाठी लागणारी माणसं, पैसा आणि चिकाटी म्हणजेच संशोधन केंद्र. वास्तू ही त्या शब्दाची फक्त राहण्याची जागा.

श्रीनिवासपुरा ग्रामीण आहे. वसई-विरारचं चित्र निराळं, म्हणूनच ते आणखी एक उत्तर देऊ शकतं. २०११च्या जनगणनेत इथं १२ लाख २२ हजार लोक होते, आता कितीतरी अधिक. एकाच तालुक्यात पिढ्यान्‌पिढ्या वाडीत राहिलेली घरं आहेत, नालासोपाऱ्याच्या चाळींत देशभरातून आलेले कामगार आहेत आणि रोजचे तीन-चार तास गाडीत घालवणारे नोकरदार आहेत. झोप, हवा, शिक्षण, एकटेपणा, मधुमेह यांचा मेंदूवर होणारा परिणाम तपासायचा तर ही सगळी माणसं पाच-सात कोसांच्या टापूत भेटतात.

वय नावाची गोष्ट

स्मृतिभ्रंशाच्या संशोधनात सर्वांत मूलभूत आकडा म्हणजे वय आणि आपल्या ज्येष्ठांच्या बाबतीत नेमका तोच संशयास्पद. आत्याच्या आधारकार्डावर जन्मतारीख होती १ जानेवारी १९४०. तिच्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा जन्म १ जानेवारीला कसा झाला, हे शाळेत दाखले लिहिलेल्या माझ्यासारख्याला चांगलं ठाऊक आहे. मी आमच्या चर्चमध्ये जाऊन बाप्तिस्म्याची जुनी नोंदवही काढून पाहिली. १९३६. चार वर्षांचा फरक. शहात्तरीच्या माणसाकडून आणि ऐंशीच्या माणसाकडून ठेवायची अपेक्षा एक नसते. त्या बारा गुणांचा अर्थ इथंही थोडा सरकला.

तेव्हा मनात आलं, वसईच्या चर्चमधल्या नोंदवह्या म्हणजे संशोधनाचं न वापरलेलं भांडारच आहे. अमेरिकेत १९८६ साली डेव्हिड स्नोडन यांनी नन्सवर सुरू केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. ६७८ धर्मभगिनींनी त्यात भाग घेतला आणि मृत्यूनंतर मेंदू देण्याचंही मान्य केलं. मठाच्या कपाटात त्यांनी तरुणपणी लिहिलेली आत्मवृत्तं होती. ज्यांच्या त्या लिखाणात विचारांची दाटी कमी होती, त्यांच्यात साठ वर्षांनंतर अल्झायमर अधिक आढळला. जुन्या कपाटातले कागद असे बोलू लागतात. आपल्याकडे बाप्तिस्मा आणि विवाहाच्या नोंदी, शाळांची जनरल रजिस्टरं, सातबाराचे वारस फेरफार आहेत. ते नीट, लोकांची संमती घेऊन जोडले, तर पिढ्यांचा आलेख हाती येईल.

खुद्द अल्झायमरच्या शोधाची कथाही कागदाचीच आहे. १९०१ साली फ्रँकफर्टच्या रुग्णालयात ५१ वर्षांची ऑगस्टे डी. दाखल झाली. अलॉइस अल्झायमर यांनी तिला प्रश्न विचारले आणि तिची उत्तरं शब्दशः लिहून ठेवली. १९०६च्या एप्रिलमध्ये ती वारली. तिचा मेंदू तपासून नोव्हेंबरमध्ये त्यांनी आपलं निरीक्षण ट्युबिंगेनच्या सभेत मांडलं. तिची मूळ फाइल हरवली होती, ती सापडली १९९५ साली, रुग्णालयाच्याच दप्तरात. त्या फाइलीत गुणांची बेरीज नाही, तिचं बोलणं आहे. म्हणून ती शंभर वर्षांनंतरही वाचता येते.

ऑगस्टेचं बोलणं आणि तिचा मेंदू दोन्ही हाती आले, म्हणून रोगाला नाव मिळालं. आज मेंदूची चित्रं आणि रक्ताच्या नव्या चाचण्या यांतून जिवंतपणी बरंच कळतं, तरी प्रत्यक्ष मेंदूच्या ऊतींना पर्याय नाही. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’मध्ये १९९५पासून मेंदूपेढी आहे. महाराष्ट्रात देहदान आणि नेत्रदान रुजलं आहे; मेंदूदानाबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. मरणाच्या घरी काही तासांत हा विषय काढायचा, तर तो काढणारा माणूस त्या घरात आधी दहा वर्षं येत-जात असलेला हवा. इथंही प्रश्न यंत्राचा नसून ओळखीचा आहे.

घेण्याआधी देणं

लोकांनी आपलं रक्त, वेळ आणि आठवणी कुणाला का द्याव्यात? संशोधनातून औषध निघेल, हे उत्तर प्रामाणिक नाही. अमेरिकेत अलीकडे मान्यता मिळालेली लेकानेमॅब आणि डोनानेमॅब ही औषधं आजाराची गती थोडी कमी करतात, गेलेलं परत आणत नाहीत. ती महाग आहेत आणि मेंदूला सूज वा रक्तस्राव होण्याचा धोका असल्यानं वारंवार एमआरआय करावा लागतो. पण आज देण्यासारखं दुसरं खूप आहे. ‘लॅन्सेट’ आयोगाच्या २०२४च्या अहवालानं बदलता येण्याजोगी चौदा कारणं मांडली: कमी शिक्षण, बहिरेपणा, मंद दृष्टी, रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, दारू, डोक्याला मार, नैराश्य, स्थूलपणा, बैठेपणा, एकाकीपण आणि प्रदूषित हवा. ती सगळी दूर झाली तर सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल वा लांबेल, असा त्यांचा हिशोब आहे. कान तपासणं, मोतीबिंदू काढणं, रक्तदाब ताब्यात ठेवणं याला नवं शास्त्र लागत नाही. केंद्राच्या दारात आलेल्या प्रत्येकाला हे पहिल्याच दिवशी मिळालं पाहिजे.

दुसरं देणं घरच्यांसाठी. आत्याची सारी शुश्रूषा माझ्या वहिनीनं केली. सात वर्षांत ती एकदाही माहेरी रात्रभर राहिली नाही. रात्री आत्या विहीर शोधत बाहेर पडायची. ती विहीर बुजवून तिथं सात मजली इमारत उभी राहिली, त्याला पंधरा वर्षं झाली होती. राजोडी परिसरात सिल्व्हर इनिंग्ज फाउंडेशननं ज्येष्ठांसाठी ‘ए-वन स्नेहांजली’ हे निवासी केंद्र उभं केलं आहे आणि तिथं स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचीही काळजी घेतली जाते. म्हणजे सुरुवात आपल्या दाराशी आहे. पण हजारो घरांना हवी आहे ती दिवसभराची पाळणाघरासारखी सोय आणि वहिनीसारख्यांना महिन्यातून दोन दिवस सुटी. संशोधन केंद्राला अशी दिवसाची शाळा जोडलेली असेल, तर लोक तिथं वीस वर्षं येत राहतील. नाहीतर दुसऱ्या फेरीलाच दार बंद होईल.

यात विद्यापीठ कशाला, चांगलं रुग्णालय पुरणार नाही का? नाही पुरणार. रुग्णालय आजाऱ्याला पाहतं. इथं निरोगी माणूसही पाहायचा आहे. चाचणी घडवायला भाषाशास्त्रज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ हवेत, आकडे वाचायला संख्याशास्त्रज्ञ, संमती आणि गोपनीयता सांभाळायला कायद्याची माणसं. आपल्याकडे हे विषय मुंबई विद्यापीठात आणि वैद्यकशिक्षण नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठात, अशी वाटणी आहे. एका रुग्णाच्या एका डोक्यासाठी या दोघांना एका छताखाली आणणं हेच या केंद्राचं पहिलं प्रशासकीय काम ठरेल.

आणि ते छत पहिली पाच वर्षं भाड्याचं असलं तरी चालेल. महापालिकेच्या आरोग्य केंद्रातली एक खोली, चर्चचं सभागृह, शाळेचे शनिवार दुपारनंतरचे वर्ग. इथल्या बोली जाणणाऱ्या निवृत्त शिक्षकांना आणि परिचारिकांना प्रशिक्षण देऊन प्रश्न विचारायला बसवावं. कागद नवा करावा आणि त्यात गुणांच्या शेजारी आणखी एक रकाना ठेवावा, माणूस नेमकं काय बोलला ते लिहिण्यासाठी.

आत्या २०२०च्या पावसाळ्याआधी गेली. तिचा तो तपासणीचा कागद अजून माझ्या कपाटात आहे. ‘जिल्हा’ या प्रश्नापुढे त्यावर नुसतं शून्य आहे. तिथं ‘ठाणा’ असं लिहिलेलं असतं, तर पुढं कधीतरी तो पाहणाऱ्याला दोन गोष्टी कळल्या असत्या: ही बाई दोन वर्षांपूर्वीचा बदल लक्षात ठेवू शकली नाही, आणि त्याआधीच्या सगळ्या आयुष्याचा पत्ता तिला अगदी बरोबर ठाऊक होता.